विक्री मोबाइलवर, खरेदी चिठ्ठीवर

प्रति,
अध्यक्ष व सर्व पदाधिकारी,
क्रेडाई महाराष्ट्र



घर विकण्याची पद्धत आपल्या सभासद विकसकांनी गेल्या काही वर्षांत पार बदलून टाकली. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. आता जळगावातला किंवा बारामतीतला ग्राहकही मोबाइल पुढे धरून प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख पाहतो. ड्रोनची चित्रफीत, घरबसल्या फ्लॅट पाहण्याची सोय, हप्त्याची आठवण करून देणारे संदेश हे सगळे लहान शहरांतही रुळले आहे. त्याच इमारतीच्या मागच्या गेटवर, जिथे वाळूचा डंपर रिकामा होतो, तिथे मात्र व्यवहार अजून फोनवर, चिठ्ठीवर आणि ओळखीवर चालतो. मी स्थापत्य अभियंता आहे. बिलिंग आणि मालाचा हिशेब हेच माझे आयुष्यभराचे काम. म्हणून हे पत्र खरेदीबद्दल आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की गेटवर उतरलेल्या मालाची नोंद आणि त्या मालाचे पैसे देण्याची तारीख एकाच साखळीत बांधली, तरच खरेदी डिजिटल झाली असे म्हणता येईल. नुसते सॉफ्टवेअर विकत घेऊन ते होत नाही. महागडी प्रणाली घेतलेल्या साइटवरही चलानांचा गठ्ठा महिन्याअखेरीस एकदम भरला जाताना मी पाहिला आहे. त्या नोंदीला हिशेब म्हणता येत नाही.

वाळूपासून सुरुवात करतो. आपल्याकडे वाळू, खडी, मुरूम ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. बारीक वाळू ओलसर झाली की फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तेवढीच वाळू जास्त जागा व्यापते. वीस-पंचवीस टक्के फुगवटा ही नित्याची गोष्ट आहे. पंचवीस टक्के धरला तर पाच ब्रासच्या गाडीत खरी वाळू चार ब्रास. पाचव्या ब्रासचे पैसे आपण पोकळीसाठी मोजतो. नदीच्या वाळूची जागा आता क्रश सँडने घेतली, पण धुतलेली क्रश सँडही ओलीच येते, तेव्हा प्रश्न तोच राहतो. नुकसान पैशापुरते थांबत नाही. घमेल्याने माप घेऊन कालवलेल्या काँक्रीटमध्ये हीच फुगलेली वाळू पडते, म्हणजे मिश्रणात वाळू कमी जाते आणि ठरवलेले प्रमाण पहिल्या घमेल्यापासून बिघडते.

यावरचा उपाय अवघड नाही. गाडी वजनकाट्यावरून आत घ्यायची, रिकामी झाल्यावर पुन्हा वजन करायचे, दोन्ही वेळचा फोटो वेळेसकट नोंदीला जोडायचा. वाळूचा नमुना तव्यावर भाजून ओलावा किती ते काढायचे आणि पाण्याचे वजन वजा करून टनावर पैसे द्यायचे. यात न समजण्यासारखे काहीही नाही. तरीही ब्रासची पद्धत टिकून आहे, कारण ब्रासमध्ये दोन्ही बाजूंना सांभाळून घ्यायला जागा असते.

लोखंडात हिशेब याहून नाजूक आहे. सळई आपण विकत घेतो वजनावर आणि वापरतो लांबीवर. १२ मिलिमीटरच्या सळईचे प्रमाणित वजन मीटरला ८८८ ग्रॅम. भारतीय मानक १७८६ या वजनात फरकाची मुभा देते: १० मिलिमीटरपर्यंत सात टक्के, त्यापुढे १६ पर्यंत पाच, आणि त्याहून जाड सळईला तीन टक्के, कमी किंवा जास्त. बाजारात याला रोलिंग मार्जिन म्हणतात. प्रमाणित वजनाच्या १० टन मालात सुमारे ११,२६० मीटर सळई मिळते. तोच माल पाच टक्के भारी आला तर १०,७२५ मीटरच्या आसपास. सव्वापाचशे मीटरहून अधिक सळई कागदावर आहे आणि यार्डात नाही. मग फिटरने चोरली की वाया घालवली याची चौकशी सुरू होते. ती बहुतेक वेळा त्या गरीब माणसावर अन्याय करते, कारण फरक मुळातच गाडीबरोबर आलेला असतो. माल हलका आला तर उलट घडते. सळई लांबीला जास्त भरते, सगळे खूश होतात आणि इमारतीत संरचना अभियंत्याने धरले त्याहून कमी पोलाद जाते. प्रत्येक गाडीतल्या सळईचा एक-एक मीटरचा तुकडा कापून तोलला आणि तो आकडा कारखान्याच्या चाचणी-प्रमाणपत्रासह खरेदीच्या नोंदीत चढवला, तर सहा महिन्यांत कोणत्या कारखान्याचा माल कसा येतो याचा नकाशा प्रत्येक विकसकाच्या हातात असेल. आज तो कोणाच्या हातात आहे?

तयार काँक्रीटबद्दल थोडक्यात सांगतो. प्लांटचा संगणक प्रत्येक बॅचमध्ये सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी किती पडले याची छापील नोंद काढतो. मिक्सर भरल्यापासून दोन तासांच्या आत माल ओतला जावा असा भारतीय मानकाचा दंडक आहे. म्हणजे वेळ आणि वजन दोन्हीची माहिती आधीच तयार असते. साइटवरचा माणूस मात्र फक्त चलानवर सही करतो. ती बॅचची नोंद चलानसोबत आली नाही तर गाडी रिकामी होणार नाही, अशी अट आपल्या किती सभासदांच्या खरेदी-आदेशात आहे ते एकदा तपासून पाहावे.

हे सगळे आतले व्यवहार आहेत, ग्राहकाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. रेरा कायद्याच्या चौथ्या कलमाने ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले आणि काम पुढे गेले त्या प्रमाणातच ते काढू दिले. त्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल अशा तिघांचे दाखले लागतात. आजवर झालेला खर्च अभियंता आपल्या सहीने सांगतो. तो कशाच्या आधारावर सांगतो? यार्डाची नोंद महिनाभर मागे असेल आणि अर्धा माल फोनवर आला असेल, तर त्या दाखल्यावरचा आकडा अंदाज असतो आणि त्या अंदाजावर शेकडो कुटुंबांच्या कर्जाचे पैसे खात्यातून बाहेर पडतात. सही करणारा तरुण अभियंता हे जाणतो. नोकरीसाठी करतो. त्याला या ओझ्यातून सोडवणे आपल्या हातात आहे.

करांचेही तसेच. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या घरांवर जीएसटी ५ टक्के झाला, परवडणाऱ्या घरांवर १ टक्का, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. कर परत मिळत नाही तर पक्क्या बिलाचा आग्रह कशाला, असा विचार तेव्हापासून अनेक ठिकाणी मूळ धरून बसला. पण कायद्याने ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडूनच करण्याची अट घातली आहे. कमी पडेल तेवढ्यावर १८ टक्के कर विकसकाने स्वतः भरायचा. वर्ष संपल्यावर धावपळ करून हा आकडा जुळवला जातो. गेटवरच्या नोंदीत पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक असेल तर तो रोज संध्याकाळी दिसेल.

आता वेळेच्या हिशेबाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. 'परवा स्लॅब आहे, आज रात्री स्टील पाठवा' हा फोन आपल्या उद्योगात रोज होतो. असा फोन करणाऱ्याच्या हातात भाव करण्याची ताकद उरत नाही. जो माल येईल तो घ्यावा लागतो, जो दर लागेल तो द्यावा लागतो आणि चाचणीचा निकाल येण्याआधी सळई साच्यात बांधून झालेली असते. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोन संशोधकांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बांधकामांवर आठवड्याच्या नियोजनाचा अभ्यास केला. त्या आठवड्यात करू म्हणून ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी कामे त्या आठवड्यात पूर्ण होत होती, आणि ही त्यांची कारणे होती: माल आला नव्हता, नकाशा मिळाला नव्हता, आधीचे काम संपले नव्हते, माणसे नव्हती. हीच कारणे सोलापुरातही ऐकू येतात. त्यातून त्यांनी जी पद्धत बसवली तिचा गाभा असा की आठवड्याचे वचन काम करणाऱ्यानेच द्यायचे. सेंटरिंगचा मुकादम, फिटर, प्लंबर, वायरमन यांना एकत्र बसवायचे, पुढच्या सहा आठवड्यांत कशाकशाची गरज आहे ते भिंतीवर मांडायचे आणि जे काम झाले नाही त्याचे खरे कारण लिहायचे. मालाची मागणी त्या भिंतीवरून निघाली पाहिजे. मग रात्रीचा फोन करावा लागत नाही.

आपल्या लोकांना हे जमणार नाही, असे मी अनेक बैठकांत ऐकले आहे. ते मला मान्य नाही. ज्या साइटवर मायवानची ॲल्युमिनियम शटरिंग आली, तिथे शिस्त आपोआप आली. प्रत्येक पॅनलला क्रमांक, प्रत्येक पॅनलची ठरलेली जागा, ठरलेल्या दिवसांत स्लॅबचे चक्र. तीच माणसे, तोच मुकादम, पण मोजल्याशिवाय काम पुढेच सरकत नाही म्हणून सगळे मोजू लागले. याच्या कितीतरी आधी, वाईजवळच्या पसरणीतून आलेल्या बी. जी. शिर्के यांनी पुण्यात सिपोरेक्स आणि पूर्वनिर्मित भागांची थ्री-एस पद्धत उभी केली. कारखान्यात ओतलेला खांब किंवा तुळई साइटवर बसते तेव्हा मिलिमीटरचाही हिशेब आधी झालेला असतो. ज्या मातीत हे काम झाले, तिथल्या माणसांना नोंद ठेवता येत नाही असे म्हणणे त्यांचा अपमान आहे. अडचण वेगळीच आहे आणि ती स्पष्ट लिहितो. खरेदीत कुणाचा तरी टक्का असतो, आणि काही व्यवहारांत रोखीचा भाग असतो. नोंद नको असते ती या दोन कारणांनी. संघटनेच्या व्यासपीठावर हे उघड बोलले गेले तर पुढचे पाऊल सोपे होईल.

डिजिटल खरेदीच्या नावाखाली जो एक प्रकार झपाट्याने पसरतो आहे, त्याची मला काळजी वाटते. तो म्हणजे उलटा लिलाव. पडद्यावर पुरवठादार आणि ठेकेदार एकमेकांचे दर पाहतात आणि घड्याळ संपेपर्यंत खाली खाली जातात. सिमेंटसारख्या ठरलेल्या दर्जाच्या मालाला हे चालू शकेल. वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, रंगकाम यांना ते घातक आहे. सगळ्यात कमी दर देणारा माणूस पहिल्या बिलानंतर कुठेतरी कापणार: रसायनाचा एक हात कमी, कोब्याची जाडी कमी. रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमाने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या आणि कारागिरीतल्या दोषांची जबाबदारी विकसकावर टाकली आहे, दुरुस्ती तीस दिवसांत. टेरेसच्या गळतीसाठी तिसऱ्या पावसाळ्यात जो खर्च होतो तो लिलावात वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट असतो. तेव्हा दरासोबत मागच्या कामांतले दोष, दिलेली वेळ, पाळलेली वेळ यांचीही नोंद निवडीत धरा. ती नोंद ठेवायला संगणक उत्तम आहे. दर पाडायला तो वापरणे हा त्याचा सर्वांत हीन उपयोग आहे.

सरकारी कामांचा अनुभव इथे उपयोगी पडेल. ई-निविदा येण्यापूर्वी निविदेचा फॉर्म मिळवतानाच ठेकेदारांना अडवले जायचे. रिंग कशी चालायची हे आपल्याला मी सांगायला नको. अर्ज घरून भरता येऊ लागला आणि ती अडवणूक बरीच सैल झाली. ही मोठी गोष्ट होती. पण कामाचा आदेश हातात पडल्यावर पुढचा रस्ता जुनाच राहिला, आणि बिलासाठी महिनोन्महिने खेटे घालणारे ठेकेदार आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. खरेदीचे पहिले टोक डिजिटल केले आणि शेवटचे टोक, म्हणजे पैसे देणे, तसेच सोडले तर काय होते ते आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. खासगी उद्योगाने ती चूक करू नये.

लहान पुरवठादाराची बाजू म्हणूनच मला या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्रिल-रेलिंगचा फॅब्रिकेटर, ब्लॉकचा कारखानदार, दारे-खिडक्या करणारा, हे सगळे सूक्ष्म आणि लघु उद्योग आहेत. २००६ च्या कायद्याने त्यांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायदाही त्यांच्या बाजूने उभा आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा धरता येतो. कायदा इतका सज्ज असून तक्रारी कमी येतात, कारण तक्रार करणाऱ्याला पुढचे काम मिळत नाही. आणि हार्डवेअरवाला किंवा सिमेंटचा व्यापारी तर या संरक्षणाच्या बाहेरच आहे, कारण तो उत्पादक नाही. हे सगळे उधारीचे व्याज दरात मिसळतात. म्हणजे उशिरा पैसे देणारा विकसक स्वस्तात माल घेतो आहे असे त्याला वाटते, प्रत्यक्षात तो सावकारी व्याज भरतो आणि ते घराच्या किमतीत उतरते.

मोठ्या विकसकांसाठी रस्ता आहे. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स मंचावर नोंदणी आता बंधनकारक आहे. तिथे पुरवठादाराचे मान्य झालेले बिल बँका लिलावात घेतात, त्याला पैसे लगेच मिळतात आणि खरेदीदार ठरल्या तारखेला बँकेला देतो. पण नुसती नोंदणी करून बिले मान्यच केली नाहीत तर मंच रिकामा राहील. बिल मान्य करायला गेटवरची नोंद खरी आणि त्याच दिवसाची लागते. पत्राच्या सुरुवातीला ज्या साखळीबद्दल लिहिले ती हीच.

नोंदीचा आणखी एक उपयोग आठवून पाहा. २०१० साली बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने सिमेंट कंपन्यांच्या संगनमताविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली, आणि २०१२ मध्ये आयोगाने ११ कंपन्यांना मिळून ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत अनेक वर्षे चालले. दर अन्यायाने वाढवले जातात हे सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि तो प्रत्येक सभासदाच्या खरेदीच्या तारीखवार नोंदीतूनच उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ती कपात आपल्यापर्यंत पूर्ण पोचली का, याचे उत्तर आज किती सभासद आकड्यांनी देऊ शकतील?

शेवटी मजुरांबद्दल. माल मोजतो तितक्या काळजीने आपण माणसाचे दिवस मोजत नाही. हजेरी मुकादमाच्या डायरीत असते, आठवड्याला खर्ची मिळते आणि उरलेला हिशेब काम संपल्यावर, किंवा होतच नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर आपण भरतो तो याच माणसांच्या मुलांच्या शिक्षणासाठी, बाळंतपणासाठी, अपघातासाठी. पण नांदेडहून, कलबुर्गीहून किंवा छत्तीसगडहून आलेल्या बिगाऱ्याकडे तो दाखला नसतो, कारण त्याचे ९० दिवस चार साइटवर विखुरलेले असतात आणि कोणत्याही ठिकाणी त्याचे नाव कागदावर नसते. दाखल्यासाठी त्याला दलाल गाठावा लागतो. आपल्या साइटवरची हजेरी डिजिटल असेल, आणि ती नोंद त्याच्या मोबाइलवर त्याला समजेल अशा भाषेत रोज पोचत असेल, तर हा दाखला मागण्याची वेळच येणार नाही. चेहरा ओळखणारी यंत्रे काही ठिकाणी बसली आहेत, पण त्यांचा आकडा फक्त कार्यालयात दिसतो आणि उशिरा आलेल्याची मजुरी कापायला वापरला जातो. नोंद ज्याची आहे त्याच्याही हातात ती असली पाहिजे.

लहान शहरांतले सभासद विचारतील, आमची वर्षाला एक-दोन इमारतींची उलाढाल, आम्ही हे कसे करायचे? त्यांच्यासाठीच संघटना आहे. मालाची एकच सांकेतिक यादी मराठीत तयार करा, म्हणजे नाशिकची आणि कोल्हापूरची नोंद एकमेकींशी जुळेल. नमुना खरेदी-आदेश तयार करा, ज्यात वजन, चाचणी, बॅचची नोंद आणि पैसे देण्याची तारीख या चारही गोष्टी असतील. स्टोअरकीपरला प्रशिक्षण द्या. या साखळीत सर्वांत कमी पगाराचा आणि सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच आहे, आणि आजवर कोणत्याही परिषदेला त्याला कोणी बोलावलेले नाही. शहर-शाखांनी एकत्र मागणी नोंदवली तर लहान विकसकालाही मोठ्याचा दर मिळेल.

आपल्या पुढच्या राज्य कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि सुरुवात एका ठरावाने करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे: क्रेडाई महाराष्ट्रचा प्रत्येक सभासद वाळू वजनावर घेईल, आणि गेटवर माल उतरल्यापासून ४५ दिवसांच्या आत प्रत्येक पुरवठादाराला, तो उत्पादक असो वा व्यापारी, पैसे देईल. प्रत्येक शाखेने दर तिमाहीला ही मुदत किती सभासदांनी पाळली ते जाहीर करावे.

आपला,
एक बिलिंग अभियंता